वरून गळतंय? रंगवाल्याला फोन करायच्या आधी आठ दिवस वही लिहा

ठाण्याला नौपाड्यात आमची बिल्डिंग 1987 ची, चार मजली, आम्ही तिसऱ्यावर. बाथरूमबाहेरच्या पॅसेजच्या छताला एक डाग होता, कडेला गडद तपकिरी रेघ आणि आत फिकट पिवळा, चहाचा कप ठेवून उचलल्यासारखा. दोन वर्षांत दोनदा रंगवला. दोन्ही वेळा गणपतीचे पाहुणे येणार म्हणून रंगवला आणि दोन्ही वेळा पाहुण्यांच्या आधी डागच हजर. तिसऱ्या वर्षी छताचे पोपडे थेट देवघरापर्यंत उडायला लागले तेव्हा कुठे डोकं वापरलं. त्यातून जे कळलं ते लिहितेय, शिवाय नेरूळला माझी ताई राहते सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये टॉप फ्लोअरला, तिचं दुखणं वेगळं होतं, तेही सांगते.

पण आत्ता या क्षणी तुमच्याकडे टपटप चालू असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी लाइट. पाणी फॅनच्या किंवा ट्यूबच्या आसपास असेल तर त्या खोलीचा एमसीबी खाली करा, कुठला कुठल्या खोलीचा हे माहीत नसेल (बहुतेकांना नसतं) तर मेन बंद करा. स्लॅबमध्ये वायरिंगचे पाइप ओतलेले असतात आणि पाण्याला तो आयता बोगदा मिळतो, म्हणून पुष्कळ घरांत पहिला थेंब फॅनच्या हुकातूनच पडतो. फॅन ओला दिसत नाही म्हणून चालू करून बघू नका. ईएलसीबी (करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच) सारखा सारखा पडत असेल तर तो खराब झालाय असं समजून इलेक्ट्रिशियनकडून बायपास करून घेणारे महाभाग मी पाहिलेत, अहो तो त्याचं कामच करतोय, वायरिंगमध्ये ओल शिरलीय हेच सांगतोय.

मग खालचं सामान हलवा. पलंग, टीव्ही आणि लहान मुलं आधी. छताचा भाग फुगलेला दिसत असेल तर त्याच्या खाली कोणी झोपायचं नाही म्हणजे नाही, प्लास्टरचा तुकडा बशीएवढा असला तरी वजनाला दगड असतो. बादली ठेवलीत की रात्रभर टप टप ऐकून डोकं उठतं, त्यावर उपाय म्हणजे थेंब पडतो तिथे टेपने सुतळीचं टोक चिकटवा आणि दुसरं टोक बादलीत सोडा, पाणी सुतळीवरून गुपचूप उतरतं. ओल्या छताला टेप चिकटत नाही हे मान्य, मग बादलीत एक जुना टॉवेल टाका, निदान आवाज तरी मरतो.

पीओपीचं किंवा जिप्समचं फॉल्स सीलिंग असेल तर त्याचं पोट खाली आलेलं दिसेल, म्हणजे वर पाणी साठलंय. ते आपोआप जिरेल म्हणून थांबलात तर अख्खा बोर्ड खाली येतो. लाइट बंद करून, खाली टब ठेवून, स्वतः बाजूला उभं राहून, पोटाच्या सगळ्यात खालच्या जागी स्क्रूड्रायव्हरने बारीक भोक पाडा आणि पाणी उतरू द्या. जिप्समचा भिजून वाकलेला तुकडा पुन्हा सरळ होत नाही, तो बदलायचाच. आणि हे सगळं करताना मोबाइलवर फोटो काढा, व्हिडिओ काढा, थेंब पडताना दिसला पाहिजे. नंतर सोसायटीला पत्र देताना, वरच्यांशी बोलताना, विमा असेल तर तिथेही हेच कामाला येतं. (विम्याचं एवढंच सांगते, पाइप फुटून अचानक पाणी आलं तर घराच्या पॉलिसीत ते साधारण बसतं, पण महिनोन्महिने झिरपून झालेल्या ओलीला बहुतेक कंपन्या हात वर करतात, पॉलिसीचा कागद काढून वाचा.)

आता मुख्य गोष्ट. डाग कुठे आहे हे बघण्यापेक्षा पाणी कधी येतं हे बघा. जागा फसवते. वरच्या बाथरूममध्ये भोक एका कोपऱ्यात असतं आणि पाणी स्लॅबच्या उतारावरून, सळईच्या कडेने, वायरिंगच्या पाइपातून फिरत फिरत तुमच्या बेडरूममध्ये उतरतं. आमच्याकडे आलेल्या पहिल्या प्लंबरने डागाच्या बरोबर वर काय आहे ते विचारलं, वर चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या पॅसेजची कोरडी लादी होती, तर तो म्हणाला मॅडम हे बाहेरच्या भिंतीचं पावसाचं पाणी आहे, आणि आम्ही मान डोलावली.

म्हणून एक वही घ्या, नाहीतर फोनमध्ये लिहा, पण आठ दिवस लिहा. किती वाजता थेंब सुरू झाला, किती वाजता थांबला, बाहेर पाऊस होता का, मोटार कधी लागली, पाणी कधी आलं, वरच्यांकडे कोणी पाहुणे होते का. आमच्या वहीत चौथ्या दिवशी दिसायला लागलं की थेंब रोज अकरा साडेअकराला सुरू होतो आणि दुपारी तीनपर्यंत दमतो, पाऊस असो नसो. आणि गुरुवारी येतच नाही. गुरुवारी! नवरा म्हणाला स्लॅबला उपास आहे. तर गुरुवारी चौथ्या मजल्यावरच्या काकू सकाळीच दत्ताच्या देवळात जातात आणि तिथून लेकीकडे डोंबिवलीला, त्या दिवशी त्यांची वॉशिंग मशीन बंद.

झालं होतं असं की काकूंनी काही वर्षांपूर्वी बाथरूमचं काम करताना जुन्या लाद्यांवरच नव्या लाद्या बसवून घेतल्या. फोडाफोड वाचते, पैसे वाचतात, सगळेच करतात. पण जमीन वर आली आणि नहाणी ट्रॅप (पाणी जायच्या जाळीखालची कुंडी) होता तिथेच खाली राहिला, मधल्या फटीत मिस्त्रीने पांढरं सिमेंट भरलं, ते वर्षभरात निघालं. बादलीने अंघोळ केली तर पाणी सावकाश जातं, ट्रॅपमध्येच उतरतं. मशीनचा पाइप मात्र एकदम धो धो सोडतो, पाणी तुंबून काठापर्यंत चढतं आणि त्या फटीतून खालच्या भरावात शिरतं. मग हे फक्त पावसाळ्यात का दिसायचं? कारण उन्हाळ्यात तेवढंच पाणी यायचं पण छताला पोचेपर्यंत सुकून जायचं, जुलै ऑगस्टमध्ये ठाण्याची हवाच इतकी ओली की वाळत घातलेली चादर दोन दिवस वाळत नाही तिथे स्लॅब काय वाळणार. म्हणजे पावसाळ्यात दिसतं ते सगळं पावसाचं पाणी नसतं, ही गोष्ट आम्हाला दोन वेळच्या रंगाच्या पैशात कळली.

तुमच्या वहीत वेगळं निघेल. दिवसरात्र सारखाच थेंब, कमी नाही जास्त नाही, तर ती बहुतेक पिण्याच्या किंवा वापरायच्या पाण्याची भरलेली लाइन, म्हणजे प्रेशरचा पाइप. जुन्या बिल्डिंगमध्ये भिंतीत दडवलेले जीआयचे (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप आतून गंजून चाळणी झालेले असतात. जिथे टाकीचा व्हॉल्व्ह सकाळ संध्याकाळच उघडतात तिथे गळतीही सकाळ संध्याकाळच होते, त्यामुळे वॉचमनकडून व्हॉल्व्हची वेळ विचारून ठेवा. गळणाऱ्या पाण्याला वास असेल, साबणाचा फेस असेल तर सांडपाण्याची लाइन. हिवाळ्यातही सकाळी गळतं म्हणजे बाथरूम. फक्त मे महिन्यात रात्री ओलं होतं तर एसीचा ड्रेन पाइप बघा, तुमचा किंवा वरच्यांचा. पाऊस पडल्यावर लगेच खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून येतं तर बाहेरच्या भिंतीची भेग किंवा वरच्या छज्जाचा जॉइंट.

आणि टॉप फ्लोअरवाल्यांचं एक विचित्र गणित असतं. ताईकडे पाऊस धो धो चालू असताना काही नसायचं आणि पाऊस उघडल्यावर दोन दिवसांनी बेडरूममध्ये टपटप सुरू, छान ऊन पडलेलं असताना. कमिटीवाले म्हणायचे अहो आज कुठे पाऊस आहे, तुमचाच पाइप असेल. तर टेरेसवर जो विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो तो एकदा भेगाळला की स्पंजासारखं पाणी पितो आणि मग सावकाश खाली सोडत राहतो. म्हणून पावसाची तारीख आणि गळतीची तारीख अशा दोन्ही लिहायच्या.

वहीवरून संशय आला की खात्री करायची. बाथरूमसाठी सगळ्यात स्वस्त टेस्ट म्हणजे पाणी तुंबवणं. अर्थात वरच्यांच्या परवानगीने! प्लास्टिकच्या पिशवीत फडक्याचा बोळा घालून नहाणी घट्ट बंद करायची, जमिनीवर इंच दीड इंच पाणी सोडायचं, उंबऱ्याच्या खालीच राहील इतकं, आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलने रेघ मारायची. चोवीस तास ते बाथरूम वापरायचं नाही, ज्यांच्याकडे दोन आहेत त्यांना सोपं, ज्यांच्याकडे एकच आहे त्यांना आपल्याकडे अंघोळीला बोलवा, दुसरं काय. पाण्यात खाण्याचा रंग टाकला तर खाली रंगीत थेंब आला की वादच संपतो, पण लाद्यांच्या फटींना रंग बसू शकतो म्हणून आधी विचारा. हळद वगैरे टाकू नका, ते डाग काकू जन्मभर काढतील. नुसतं तुंबवून खाली थेंब आला तर जमीन गळतेय. नाही आला तर बोळा काढा आणि ते पाणी एकदम जाऊ द्या, तेव्हा आला तर ट्रॅप किंवा त्याच्या खालचा पाइप. तेव्हाही नाही तर दुसऱ्या दिवशी फक्त भिंतीवर शॉवर मारा, तिसऱ्या दिवशी बेसिन, मग फ्लश. एका दिवसात सगळं केलंत तर कशाने गळलं हे कळणारच नाही, दोन टेस्टच्या मध्ये एक दिवस तरी जाऊ द्या.

प्रेशर लाइनचा संशय असेल तर वरच्यांनी घरातले सगळे नळ बंद करायचे आणि मीटर असेल तर त्याचा काटा फिरतोय का बघायचा. मीटर नसेल तर रात्री झोपताना त्यांच्या घराचा मेन व्हॉल्व्ह बंद करायला सांगा, सकाळपर्यंत तुमचा थेंब मंदावला किंवा थांबला तर उत्तर मिळालं. प्लंबरकडे हाताने मारायचा प्रेशर पंप असतो, लाइन बंद करून प्रेशर भरतात आणि काटा पडतो का बघतात, हे करणारा प्लंबर शोधा. नुसतं भिंतीवर हात फिरवून निदान करणारे वैद्य खूप आहेत.

आता वरच्यांशी बोलणं, इथे बहुतेकांचं घोडं पेंड खातं. आम्हीही आधी रागारागात लिफ्टमध्येच विषय काढला होता आणि काकू म्हणाल्या आमच्याकडे सगळं कोरडं आहे गं, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं, त्यांच्या घरात एक थेंब दिसत नव्हता. दुसऱ्यांदा मी वही आणि व्हिडिओ घेऊन चहाच्या वेळेला गेले, गुरुवारचं सांगितलं, तर त्याच हसायला लागल्या, "म्हणजे मी देवाला जाते तेव्हा तुम्ही सुखी." मग त्यांना खाली बोलवून छत दाखवलं. माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी थेंब बघितला की अर्धं काम होतं. त्यांच्या कामात चूक झाली असं म्हणायचंच नाही, मिस्त्रीची झाली म्हणायचं, मिस्त्री तसाही गावाला गेलेला असतो.

पैसे कोणाचे, हा दुसरा घोळ. को-ऑप हाउसिंग सोसायट्यांच्या मॉडेल बायलॉजमध्ये हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. टेरेसमधून येणारं पावसाचं पाणी, बाहेरच्या कॉमन पाइपची आणि ड्रेनेजची गळती हा सोसायटीचा खर्च. टेरेसच्या गळतीमुळे टॉप फ्लोअरच्या छताचं प्लास्टर खराब झालं तर तेसुद्धा सोसायटीनेच करून द्यायचं, फक्त टेरेस करून हात झटकायचे नाहीत, हे ताईच्या कमिटीला माहीतच नव्हतं. घराच्या आतलं संडास बाथरूम, सिंक यांची गळती ही त्या त्या फ्लॅटवाल्यांची जबाबदारी. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेल्या बायलॉजची कॉपी सेक्रेटरीकडून मागून घ्या आणि वाचा, कंटाळवाणं आहे पण अर्धी भांडणं तिथेच मिटतात. नवीन बिल्डिंग असेल, घोडबंदर रोडला किंवा खारघर उलवेला ताबा घेऊन पाच वर्षं झाली नसतील, तर रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे बांधकामातला दोष बिल्डरने कळवल्यापासून 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. नवीन घरात स्वतः पैसे घालून कोणी वॉटरप्रूफिंग करून घेऊ नका, आधी बिल्डरला लेखी कळवा.

लेखी म्हणजे लेखीच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला की वीस जण अंगठा दाखवतात आणि विषय वाहून जातो. सेक्रेटरीच्या नावाने पत्र, सोबत फोटो, वहीतल्या तारखा, आणि आपल्या कॉपीवर सोसायटीचा शिक्का आणि सही. हे जून जुलैमध्येच करा. कमिटीचं ठरलेलं उत्तर असतं की पावसाळ्यात काम होत नाही, पावसाळा संपू दे, आणि ते खोटंही नाही. पण पावसाळा संपला की छत सुकतं आणि सगळे विसरतात. एजीएम, म्हणजे सोसायटीची वार्षिक सभा, 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्या अजेंड्यात आपला विषय छापून आला पाहिजे, खर्चाला मंजुरी तिथेच मिळते. वरचा मेंबर अजिबात ऐकतच नसेल तर सोसायटीकडून त्याला नोटीस, आणि तरीही नाही तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालय आहे, पण तो रस्ता लांबचा आहे, चहाचा रस्ता आधी पूर्ण संपवा.

दुरुस्ती वरून करायची. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. खालून छताला केमिकल मारून देतो, इंजेक्शन देतो, दोन दिवसांत काम, फोडाफोड नाही असं सांगणारे पुष्कळ भेटतील. स्लॅबला बारीक भोकं पाडून प्रेशरने पीयू (पॉलियुरेथेन) किंवा सिमेंटचं ग्राउट, म्हणजे भेगा भरायचं पातळ मिश्रण, भरतात, पद्धत खोटी नाही, भेग भरायला वापरतात. पण वर भरावात पाणी येतच राहिलं तर ते साठतं आणि दुसरी वाट काढतं, आज पॅसेज उद्या किचन, आणि तोपर्यंत स्लॅबमधल्या सळ्या भिजत राहतात. वरचा मेंबर परदेशात आहे, घर बंद आहे, अशा अडचणीत तात्पुरतं म्हणून ठीक.

काकूंकडे आधी थोडक्यात भागतंय का बघितलं. ट्रॅपच्या भोवतीची लादी काढली, फट साफ करून नवीन ट्रॅप लादीच्या लेव्हलला आणून बसवला, जॉइंटला वॉटरप्रूफिंगचे दोन कोट आणि सगळ्या लाद्यांच्या फटींत इपॉक्सी ग्राउट. पुन्हा पाणी तुंबवलं, चोवीस तास, रंग टाकून. थेंब नाही. आमचं नशीब. तेवढ्यानं भागलं नसतं तर अख्खं बाथरूम फोडावं लागलं असतं, म्हणजे लाद्या, खालचा विटांचा भराव सगळं काढून सन्क (बाथरूमखालचा स्लॅबचा खोलगट भाग) रिकामा करायचा, पाइप बदलायचे, स्लॅब आणि भिंतीचा खालचा फूटभर भाग वॉटरप्रूफ करायचा आणि लादी बसवायच्या आधी रिकाम्या सन्कमध्येच पाणी भरून टेस्ट करायची. ही मधली टेस्ट कॉन्ट्रॅक्टर टाळायला बघतो, कारण त्याचे दोन दिवस जातात. टाळू द्यायची नाही. आणि राबिटच्या, म्हणजे फोडलेल्या मालाच्या, गोण्या खाली नेऊन टाकायचे पैसे कोटेशनमध्ये आहेत का ते आधी विचारा, शेवटी त्यावरूनच भांडण होतं.

टेरेसचं काम सोसायटीचं असलं तरी वर जाऊन बघायला कोणाची ना नसते. मे महिन्यात जा. पावसाच्या पाइपांच्या जाळ्यांत कबुतरांची पिसं, पिंपळाची पानं, कोणाच्या तरी पतंगाचा मांजा अडकलेला असतो, ते काढलं तरी अर्धी गळती कमी होते कारण पाणी साठत नाही. टेरेस आणि कठड्याच्या कोनात सिमेंटचा जो गोलावा असतो, ज्याला मिस्त्री वाटा म्हणतात, तिथे भेग आहे का बघा, बहुतेक टेरेस मध्यापेक्षा कडेला आधी गळतात. डिशच्या छत्रीचे, सोलरचे बोल्ट कोब्यात ठोकलेले असतात, प्रत्येक बोल्ट म्हणजे एक भोक. टाकी ओव्हरफ्लो होऊन रोज एकाच जागी पाणी पडत असेल तर तेही. ताईच्या सोसायटीत तीन वर्षं निळी ताडपत्री अंथरून काढली, मग शेवटी एका ऑक्टोबरात भेगाळलेला कोबा फोडून नवीन घातला, वर जाळी घालून कोटिंग केलं. काही सोसायट्या सरळ पत्र्याची शेड टाकतात, पाणी थांबतं खरं, पण त्याला महापालिकेची परवानगी लागते, नाहीतर नोटीस येते. कॉन्ट्रॅक्टर दहा वर्षांची गॅरंटी म्हणतो तेव्हा शेवटचा हप्ता एक पावसाळा संपल्यावर देणार असं म्हणून बघा, चेहरा वाचण्यासारखा असतो.

वरचं थांबलं की लगेच छत करायची घाई होते. थांबा. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी बाहेर यायला आठवडे लागतात. सुटलेला रंग आणि पोपडे पत्रीने खरवडून टाका म्हणजे छताला श्वास घेता येईल, खिडक्या उघड्या, लाइट तपासून झाली असेल तर फॅन चालू. आपल्याकडे ऑक्टोबर हीटला सगळे शिव्या देतात पण छत सुकवायला तोच महिना सोन्यासारखा. सुकलंय की नाही हे हाताने कळत नाही, त्यासाठी फूटभर चौकोनी प्लास्टिक घेऊन चारही बाजूंनी टेपने छताला चिकटवा, एक दिवस ठेवा, आणि प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे छताकडच्या बाजूला, घाम आला तर अजून ओल आहे. आमच्याकडे पहिल्यांदा घाम, पंधरा दिवसांनी पुन्हा घाम, दिवाळी झाल्यावर कोरडं निघालं. दिवाळीला पाहुणे पोपडे बघून गेले, जाऊ देत.

बुरशीचे काळे ठिपके असतील तर कोरड्या ब्रशने घासू नका, ती धूळ थेट छातीत जाते, मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच वापरलंत तर ते संडास साफ करायच्या अॅसिडबरोबर किंवा दुसऱ्या कशाबरोबर चुकूनही एकत्र करायचं नाही, विषारी गॅस होतो. पांढरी पावडर आली असेल तर तो लोणा, प्लास्टरमधले क्षार, तो कोरड्या ब्रशने झाडून काढायचा, पाणी लावलं तर परत आत शिरतो.

मग हातोडीच्या दांड्याने छत हळूहळू ठोकत जा. टणक आवाज म्हणजे ठीक, बद्द पोकळ आवाज म्हणजे प्लास्टर सुटलंय. सुटलेलं सगळं पाडायचं, नुसत्या डागापुरतं नाही. आणि इथे एक गोष्ट नीट बघा, प्लास्टर पडल्यावर आत सळई दिसतेय का. जुन्या स्लॅबमध्ये सळईखाली काँक्रीटचा थर जेमतेम 15 ते 20 मिलिमीटर असतो, ओल तिथे पोचली की सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, त्या दाबाने खालचं काँक्रीट फुटून पडतं. एखाद्या ठिकाणी वरवरचा गंज असेल तर चांगला मिस्त्री करू शकतो, सळई वायर ब्रशने चकचकीत करायची, गंजरोधक कोट, मग बाँडिंग कोट आणि त्यावर पॉलिमर घातलेलं सिमेंट रेतीचं मिश्रण पातळ पातळ थरात, एका वेळी इंचभर थापलं तर स्वतःच्या वजनानेच खाली येतं. पॉलिमरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका.

पण सळ्या बारीक झाल्यात, पापुद्रे सुटतायत, दोनतीन खोल्यांत तसंच आहे, स्लॅब खाली झुकलेला वाटतोय, तर मिस्त्री नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर. तो फ्लॅटचा प्रश्न नाही, बिल्डिंगचा आहे. तीस वर्षांवरच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट तसंही कायद्याने करावंच लागतं, आणि महापालिका धोकादायक बिल्डिंगच्या सी 1, सी 2 ए अशा याद्या लावते त्याच्यात आपलं नाव येईल या भीतीने ऑडिट टाळणाऱ्या कमिट्या आहेत. वर पीओपी करून सळ्या झाकणारेही आहेत. झाकलेलं दिसत नाही एवढंच, गंज काही थांबत नाही.

आमच्याकडे सुदैवाने फक्त प्लास्टर होतं. नवीन प्लास्टरला आठवडाभर पाणी मारलं, छताला पाणी मारणं म्हणजे निम्मं आपल्या डोक्यावर, मग पुन्हा महिनाभर सुकू दिलं. पेंटरला घाई होती, आम्हाला नव्हती. लांबी (पुट्टी) पांढऱ्या सिमेंटवाली घ्या, दोन पातळ हात, मध्ये पॉलिश पेपर. आणि ज्या छतावर जुना पिवळा डाग अजून आहे तिथे थेट साधा प्लास्टिक पेंट मारलात तर डाग पुन्हा वर येतो, पाणी बंद असलं तरी, कारण तो डाग पाण्याच्या रंगात विरघळतो. आधी त्या जागेवर ऑइल बेसचा प्रायमर किंवा डाग दाबणारा सीलर, तो सुकला की मग रंग. आमच्या पहिल्या दोन रंगकामांत हेही कोणी केलं नव्हतं. छताला चकचकीत ऑइल पेंट मात्र मारू नका, ओल आत कोंडते आणि फुग्यासारखे फोड येतात.

उरलेल्या रंगाच्या डब्याच्या झाकणावर शेडचा नंबर लिहून ठेवलाय. डाग होता तिथे, कडेच्या रेघेवर, पेन्सिलने अगदी बारीक चार खुणा आणि तारीख टाकली आहे, खालून कोणाला दिसत नाहीत. पहिला मोठा पाऊस झाला की स्टुलावर चढून बघते. वही अजून फ्रिजवरच आहे, मागच्या पानांवर दुधाचा हिशोब चालू झालाय.